एकांताची राखण

आमच्या ख्रिस्ती मंडळीचे नवे पाद्रीसाहेब घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, "तात्या, नाताळ अंकासाठी 'ख्रिस्ती जीवनातला एकांत' यावर तुम्हीच लिहा. सध्या एकटेच असता, तुम्हाला विषय जवळचा आहे."

माणूस चांगला आहे. कुठं काय बोलावं ते कळत नाही एवढंच. माझी सगुणा गेल्या मृगात वारली. त्याला एकांत म्हणत नाहीत. ते घर ओस पडणं झालं. एकांत म्हणजे माणसं घरात असताना त्यांच्यातनं थोडा वेळ उठायचं आणि देवापाशी जाऊन बसायचं. सगुणा असती तर तिनं कपबशी उचलता उचलता हे त्यांना ऐकवलं असतं. मी नुसतं 'बरं' म्हणालो.

पण त्यांना माहीत नसताना ते खरं बोलले. एकांत हा माझा धंदाच होता. मराठी तिसरी शिकलेला माणूस मी. कुणी दूध घालतं, कुणी खेटरं शिवतं, मी शांतता राखायचो. त्यासाठी मिशनानं मला ठेवलं होतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या सालांतली गोष्ट. कडेगावाकडनं वर माणच्या अंगाला निघालं की आमचं गाव लागतं. खाली काळं रान, वर कुसळाचं टेकाड. त्या टेकाडावर मिशनच्या गोऱ्या साहेबानं दगडाची एक खोली बांधली. एक दार, एक खिडकी, एक बाज. तिला नाव दिलं एकांतघर. सातारा आणि सांगली दोन्हीकडचे पाद्री, शाळामास्तर, बायबलबाया यांनी पाळीपाळीनं तिथं येऊन काही दिवस गप राहायचं, प्रार्थना करायची आणि ताजंतवानं होऊन कामाला लागायचं, असा साहेबाचा बेत. आमचा प्रभूही गर्दीतनं उठून डोंगरावर जायचा, हे आपण सगळे ऐकतो. शिष्य मागोमाग शोधत यायचे, हेही ऐकतो, पण त्याच्यावर कुणी प्रवचन करत नाही. मी केलं असतं.

माझं काम पाहणाऱ्याला सोपं. पाणी भरायचं. रहाटाला एरंडेल घालायचं, म्हणजे कुरकुरत नाही. कुत्र्याला आधी भाकरी घालायची, म्हणजे भुंकत नाही. सगुणानं केलेलं जेवण दाराशी दगडावर ठेवायचं आणि खोकल्याबिगर परत यायचं. हे सगळं जमलं. जमलं नाही ते एकच. माणसं आवरणं.

आमच्या भागात एकटा बसलेला माणूस लोकांना बघवत नाही. झाडाखाली कुणी गप बसला, की वाटेनं जाणारा थांबतो. "काय रं, बरं न्हाई व्हय?" बरं आहे म्हटलं तर, "मग असा का बसलायस?" म्हणतो आणि स्वतः शेजारी बसून तंबाखूची चंची सोडतो. यात वाईट काही नाही. ती माया आहे. पण त्या मायेतनं देवाला वेळ काढून देणं हे चवताळलेल्या बैलाला वेसण घालण्यापेक्षा अवघड.

पहिला घोळ साहेबानंच घातला. शांततेची वेळ सुरू झाली हे कळावं म्हणून त्यानं टेकाडावर घंटा टांगली आणि मला बडवायला लावली. आमच्याकडं असा टोल पडला तर दोनच अर्थ. कुणाची गंज पेटली, नाहीतर मेंढरांत लांडगा शिरला. साहेब डोळे मिटून उभा. डोळे उघडले तर टेकाडभर धनगर, हातात काठ्या, खांद्यावर घोंगडी.

"लांडगा कुटं हाय?"

साहेब आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाला, "बंधूंनो, येथे शांतता आहे."

"ती ऱ्हाऊ द्या. लांडगा कुठल्या अंगाला गेला ते सांगा."

घंटा उतरवली.

पुढं शिराळ्याकडचे एक मास्तर आले. दोन दिवस खिडकीत गप. गावानं विचार केला, एवढा शिकलेला बाप्या घर सोडून टेकाडावर बसतो म्हणजे बायकोशी वाजलंय. मला न विचारता बैलगाडी गेली आणि मास्तरांची बायको, तिचे दोन भाऊ, सगळे हजर. मास्तर घाबरले, बाईही घाबरली. भांडण मुळात नव्हतंच. ते तिथं सुरू झालं. "मला न सांगता आलासा, आन मला वाटलं मिरजंला गेलाय." मेव्हण्यांनी मिटवलं आणि सगळे जेवून गेले. सगुणा भाकरी थापून घामाघूम.

एक बायबलबाई आली. गावोगाव पायी हिंडून बायाबापड्यांना शास्त्र वाचून दाखवायची, टाचा फुटलेल्या. ती आत गेली आणि झोपली. उठली, जेवली, परत झोपली. मी म्हणालो, ही प्रार्थना कधी करणार? सगुणा दाराशी सूप घेऊन बसली होती. म्हणाली, "गप बसा. बाईमाणसाला कुणी उठवायला न्हाई, हेच लय देवानं दिलं." तेवढ्या एकाच वेळी एकांतघर साहेबाच्या मनासारखं चाललं, असं मला वाटतं.

आता दाजीबा पाद्रींचं सांगतो. ते सांगायलाच लिहायला बसलोय.

दाजीबा पाद्री आमच्याच मंडळीचे. बायको आधीच देवाघरी गेलेली, पोरगा एकच, शमुवेल. तो फौजेत भरती झाला आणि समुद्रापलीकडं कुठंतरी पडला. तार आली. त्या रविवारी पाद्रीबाबा व्यासपीठावर उभे राहिले, तोंड उघडलं, शब्द आला नाही. लोक रडले. पुढच्या रविवारीही तेच. लोक खोकले. मग महिनाभर नुसता शास्त्रपाठ वाचून खाली बसायचे. मग मंडळीचे पंच कुजबुजायला लागले. पंच म्हणजे आमच्यातलीच वडीलधारी माणसं, पण खुर्ची मिळाली की माणूस मोजून माया करतो. ठरलं असं, की पाद्रीबाबांनी एकांतघरात जाऊन बसावं. सुगीच्या उपासनेला, म्हणजे शाळू काढून लोक कणसं अर्पण करतात त्या दिवशी, त्यांनी प्रवचन द्यावं. न दिलं तर पेन्शन घ्यावी, बंगली सोडावी, दुसरा पाद्री येईल.

टेकाड चढून आले तेव्हा हातात एक पिशवी. मला म्हणाले, "लाजर, कुणाला वर येऊ देऊ नकोस रं. तार आल्यापास्नं माझ्या घरातनं माणूस हाललं न्हाई. सगळी समजूत घालत्यात. पोरासाठी रडायला म्हणून मला मोकळीक मिळाली न्हाई." एवढं बोलले आणि गप राहायचं व्रत घेतलं.

दुखवट्याच्या माणसाला एकटं सोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. जातधर्म बघत नाहीत. त्यामुळं पाद्रीबाबा टेकाडावर एकटे आहेत म्हटल्यावर गाव लोटलं. कुणी ताक आणलं, कुणी गूळ-शेंगा. भजनी मंडळींनी खिडकीखाली पेटी ठेवली, बाबांचं मन रमावं म्हणून. आणि रोज सकाळी न चुकता यायचा तो ज्ञानू हवालदार. मागच्या लढाईतला पेन्शनर. टेकाडाखाली त्याचा शाळू. त्याची दोन्ही पोरं तेव्हा लढाईवरच होती. तो दाराशी बसायचा, पाय पसरायचा आणि सांत्वन सुरू करायचा.

"पाद्रीबाबा, गोळीचं कायबी वाटत न्हाई बगा. मुंगी चावल्यागत. मला मांडीत लागली तर मी म्हणलं, कोण रं खाजवतंय? आता पोटात लागली तर मातुर—"

"हवालदार!" मी ओरडायचो.

"आरं, मी समजूत घालतोय."

मी टेकाडाच्या वाटेवर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास टाकले. सगळे वळसा घालून आले आणि जाता जाता फास उचलून बाजूला टाकले. "काटं कुणी टाकलं रं हितं? पाद्रीबाबाच्या पायात मोडंल की."

मग मी डोकं चालवलं. गावात सांगितलं, पाद्रीबाबांना देवी आल्यात. अंगभर फोड. वाटलं, देवीच्या रोगाच्या भीतीनं चिटपाखरू फिरकणार नाही. मी आमच्याच गावचा, मला कळायला पाहिजे होतं. देवी आली की आमच्याकडं लोक पळत नाहीत, ओटी भरायला येतात.

दुसऱ्या दिवशी हलगी वाजत टेकाड चढली. पुढं हलगीवाला, मागं बायका, हातात लिंबाचे डहाळे, दहीभाताची ताटं, हळदीचं पाणी. उंबऱ्यावर पाणी ओतलं. एका म्हातारीच्या अंगात आलं. ती घुमत घुमत खिडकीशी गेली आणि म्हणाली, "आई, शांत हो. आई, लेकरावर राग धरू नगंस." आत पाद्रीबाबा मुक्यानं उभे. त्यांना काही समजेना. जन्मभराची सवय, समोर मंडळी दिसली म्हणून त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला.

"देवीनं हात दिला!" म्हणून जो गलका उठला, तो खाली कडेगावच्या रस्त्यावर गेला असेल.

गलका गेला तो तालुक्याला पोचला आणि तिथनं देवी टोचणारा माणूस सायकल ढकलत वर आला. पाद्रीबाबांच्या अंगावर फोड एक नाही. पण तो म्हणाला, आलोय एवढं, तर टोचूनच जातो. बाबांनी बाही वर केली. टोचून घेतलं. दोन दिवसांनी दंड सुजला, अंगात ताप भरला. सगुणा त्यांच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होती आणि मला म्हणाली, "आवं, तुमचं डोस्कं हाय का पटका बांधायला दिलेलं मडकं?"

"मग तू सांग काय करायचं."

ती खिडकीतनं खाली बघत होती. हवालदाराच्या शाळूवर भोरड्यांचा थवा उतरला होता. कणसं हुरड्यात आलेली. राखणीला कुणी नाही, कारण पोरं लढाईवर आणि बाप आमच्या दाराशी समजूत घालायला.

सगुणा बाहेर आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हवालदार, तुमचा शाळू पाखरं निम्मा गिळून बसली."

"गिळू दे, वहिनी. माणसापरास शाळू मोठा व्हय?"

"तर मग ह्यास्नीच घाला की माळ्यावर."

"कुणास्नी?"

"पाद्रीबाबास्नी. हातात गोफण द्या. तुमी बी मोकळं, त्येबी मोकळं."

हवालदाराला ते पटलं नाही. पाद्री माणूस, गोफण कशी धरणार? मलाही ते वेडेपण वाटलं. मी शांतता राखायला ठेवलेला माणूस, आणि ही बाई देवाच्या माणसाला शाळूत चार मेढी रोवून बांधलेल्या राखणीच्या माळ्यावर चढवून, पाखरांच्या मागं आरडाओरडा करायला लावत होती. पण आतनं पाद्रीबाबा उठले, ताप उतरला होता, आणि मुकाट टेकाड उतरायला लागले. बुडत्याला काडी म्हणतात ती अशी धरतात.

आणि काय सांगू, त्या दिवसापासनं त्यांच्याकडं एक माणूस आलं नाही. बांधावरनं लोक जायचे. वर बघायचे. माळ्यावर माणूस, हातात गोफण, म्हणजे राखणीला बसलाय. कामात आहे. पुढं जायचे. त्याच माणसानं तेवढंच गप टेकाडावर बसावं तर गाव गोळा होतं. गोफण हातात असली की कुणी विचारत नाही, मनात काय चाललंय. साहेबानं दगडाची खोली बांधली त्याऐवजी एक माळा बांधला असता तर माझी हयात सुखात गेली असती. फक्त मग मला कामावर कशाला ठेवला असता, हा प्रश्न आहे.

एक अडचण राहिली. बाबांचं व्रत. ते गप बसायचे आणि पाखरं खायची.

संध्याकाळी हवालदार माळ्याखाली येऊन म्हणाला, "पाद्रीबाबा, पाखरं ढेकर देत्यात. पलटणीत पहाऱ्यावरचा संत्री असा मुका ऱ्हायला असता तर समदी छावणी कापून निघाली असती. ओरडा की जरा!"

बाबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओरडून पाहिलं. कबुतरांना दाणे टाकताना बोलवावं तसं, "हो, हो." पाखरं जवळ आली. हवालदारानं कपाळ बडवून घेतलं.

सगुणा भाकरी घेऊन गेली होती. ती वर बघून म्हणाली, "बाबा, घशातनं न्हाई. बेंबीच्या देठापास्नं. हितं कुणी ऐकाय न्हाई."

त्या दुपारी मी पाण्याची घागर घेऊन बांधानं चाललो होतो. ऊन चढलं होतं. भोरड्यांचा थवा पसरलेल्या चादरीसारखा आला आणि शाळूवर उतरला. माळ्यावर बाबा उठून उभे राहिले. गोफण फिरली, धोंडा कुठंतरी गेला. "हाऽऽऽ!" म्हणून आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. पाखरं उठली. आवाज थांबला नाही.

"हाऽऽऽ! खा! समदं खा! माझा एकच होता!"

मी जागच्या जागी थांबलो. बाबा आभाळाकडं तोंड करून होते. पाखरं केव्हाच गेली होती.

"एकच दिलास, त्योबी न्यायचा व्हय? अरं, मी तुजी चाकरी केली! हाऽऽऽ!"

पलीकडच्या बांधावर हवालदार बसला होता. तो उठला, धोतर आवरलं आणि माळ्याकडं निघाला. समजूत घालायलाच. मी घागर खाली ठेवली आणि आडवा झालो.

"हवालदार, जाऊ नका."

"आरं, रडतोय त्यो."

"न्हाई. पाखरं हाकलतोय."

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. मग रिकाम्या आभाळाकडं पाहिलं. मग खाली बसला, माळ्याकडं पाठ करून. आणि एकाएकी त्यानंही तोंड वर केलं आणि आरोळी ठोकली. "हाऽऽऽ! हुर्रर्र!" त्याच्याही समोर एक पाखरू नव्हतं.

आमच्याकडं राखणीची एक रीत आहे. एका माळ्यावरनं हाक गेली की दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, म्हणजे थवा इकडनं उठून तिकडं बसत नाही. हवालदाराची हाक गेली आणि खालच्या रानातनं दुसरी आली. ओढ्याकडनं तिसरी. मग सगळं शिवार ओरडायला लागलं. लांबच्या रानातल्या बायका डबे बडवायला लागल्या. कुणालाच माहीत नव्हतं काय झालंय. प्रत्येकाला वाटलं शेजाऱ्यावर मोठा थवा पडलाय. आणि त्या सगळ्या गदारोळात एक बाप आपल्या पोरासाठी मोकळ्या गळ्यानं रडत होता आणि त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. माझ्या सगळ्या नोकरीत असला एकांत मी दुसरा पाहिला नाही.

हवालदाराचा घसा कोरडा पडला होता. तोवर त्यानं कधी आमच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. घागर त्यानंच तिरकी केली आणि ओंजळीनं प्याला.

शाळू पिवळा पडेपर्यंत बाबा रोज माळ्यावर जायचे. कधी ओरडायचे, कधी गप. गावात बोलणं चालायचं, "पाद्री आता बरा वराडतोय. हवालदारानं नशीब काढलं." पाखरं त्या रानाला वळसा घालून जायला लागली.

सुगीच्या उपासनेचा दिवस आला. मंडळीच्या देवळात कणसांच्या पेंढ्या, मधी वाट. पंच पुढं, हाताची घडी घालून. साहेबही आला होता. शेवटच्या ओळीत, पायतण दाराशी काढून, ज्ञानू हवालदार येऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदा.

बाबा व्यासपीठावर उभे राहिले. तोंड उघडलं. आवाज नाही! सगुणानं माझा दंड एवढा आवळला की बोटं उठली. तेव्हा लक्षात आलं, घसाच गेला होता. ओरडून ओरडून पार फाटला होता. घोगरा वारा तेवढा निघत होता. लोक पुढं सरकले. लेकरांची तोंडं आयांनी दाबली. त्या देवळात एवढी शांतता मी आधी ऐकली नव्हती, नंतरही नाही.

बाबा म्हणाले, "मी देवाशी भांडलो. लय भांडलो. त्यानं मला माळ्यावरनं खाली ढकललं न्हाई." एवढं म्हणून खाली बसले.

बाहेर अंगणात पंचांच्यात वाद लागला, याला प्रवचन म्हणायचं का. एक म्हणे, शास्त्रवचन घेतलं नाही. दुसरा म्हणे, बसायची पण घाई केली. साहेब बिचारा इकडं तिकडं बघत उभा. हवालदार पायतण घालत होता. त्याला आमच्या मंडळीत मत नव्हतं. तो मान वर न करता म्हणाला, "म्हणायचं." आणि निघून गेला. फौजेतला आवाज तो. वाद तिथं मिटला.

दाजीबा पाद्री पुढं लय वर्षं आमचे पाद्री राहिले. आवाज घोगराच राहिला. हवालदाराच्या पोरांतला एक परत आला. एकांतघराचे दगड नंतर कुणाकुणाच्या गोठ्यांना लागले. पाद्रीबाबांना माळ्यावर चढवायची अक्कल कुणाची होती ते मिशनच्या अहवालात कुठं आलं नाही. मीही त्यावेळी सगुणाला तसं म्हणालो नव्हतो. आमच्यात बायकोला शाबास म्हणायची पद्धत नव्हती. तिनंही वाट बघितली नाही. ती भाकरी थापत होती.

आता आमच्याकडं पाणी आलं आणि शाळू गेला. जिकडं बघावं तिकडं ऊस. ऊस पाखरं खात नाहीत, माळा कुणी बांधत नाही. सगुणा गेल्यापासनं माझ्याकडं माणसांची रीघ आहे. सकाळी एक, दुपारी दोन, सूनबाई, तिची जाऊ, नवे पाद्रीसाहेब. सगळे समजूत घालतात. मी हूं हूं करतो. माया आहे ती, मी सांगितलंच.

विहिरीवर आमचं तेलावरचं जुनं इंजान आहे. सुरू केलं की शेजारी उभ्या माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. दुपारी सगळी जेवून कलंडली की मी काठी टेकत जातो, हँडल मारतो आणि खोपीत बसतो. मग मला तिला काय म्हणायचं असतं ते मोठ्यानं म्हणतो. देवालाही म्हणतो. त्यातलं सगळंच अंकात छापण्यासारखं नाही.

परवा सूनबाई बांधापर्यंत आली. इंजान बंद व्हायची वाट बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, उसाला पाणी कालच दिलंय की."

मी म्हणालो, "आनी थोडं लागतंय."

ती परत गेली. मी पुन्हा हँडल मारलं.